भोक पाडणारं प्रथिन कसं वाचायचं: स्टॅफिलोकोकसपासून कपाशीच्या बोंडापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांना 'बीटी' हा शब्द शिकवावा लागत नाही. बियाण्याच्या पाकिटावर तो लहानपणापासून वाचलेला असतो. पण ज्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवरून 'बीटी' हे नाव आलं, त्याचं प्रथिन अळीच्या पोटात जाऊन नेमकं काय करतं, असं तोंडी परीक्षेत विचारलं की उत्तर येतं, "सर, ते अळीला विषारी असतं." पुढे गाडी सरकत नाही. विषारी असतं हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यापलीकडे बोलता आलं पाहिजे.

बीटीचं विष 'छिद्र पाडणाऱ्या' जिवाणू-विषांपैकी एक. या घराण्यातलं शिकायला सर्वांत सोपं प्रथिन मात्र बीटीचं नाही. ते आहे स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं अल्फा-हिमोलायसिन. म्हणून आधी त्याच्याशी ओळख करून घेऊ आणि मग कपाशीकडे येऊ. बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, कृषी पदवीला असाल किंवा एम.एस्सी.ला नुकते आला असाल, तर एवढं एका निवांत दिवसात जमतं.

सुरुवात करण्याआधी

पेशीचं आवरण म्हणजे मेदाचा दुहेरी थर. दोन्ही बाजूंना पाण्याशी जमणारी डोकी आणि मध्ये तेलकट शेपट्या. हा मधला तेलकट पट्टा साधारण ३० अँगस्ट्रॉम जाडीचा असतो, म्हणजे ३ नॅनोमीटर. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन त्यातून आपले आपण जाऊ शकत नाहीत. पेशी जिवंत आहे याचा एक अर्थ असा की आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त हा फरक तिने ऊर्जा खर्चून राखलेला आहे. छिद्र पाडणारं विष काही कापत नाही, काही पचवत नाही, कुठल्या जनुकाला हात लावत नाही. ते फक्त भोक पाडतं आणि हा फरक मोडतो.

आता अडचण बघा. जिवाणू हे प्रथिन पेशीबाहेर, पाण्यात सोडतो. तिथे विरघळून राहायचं तर प्रथिनाचा बाहेरचा भाग पाण्याशी जमणारा हवा. पण काम करायचं आहे मेदात, आणि तिथे बाहेरचा भाग तेलकट हवा. एकाच घडीत दोन्ही जमणं शक्य नाही. त्यामुळे अशा प्रत्येक प्रथिनाला दोन रूपं असतात, एक पाण्यातलं आणि एक मेदातलं. रचनेचं कुठलंही चित्र समोर आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यातलं कुठलं रूप मी बघतोय? पुस्तकात बहुधा एकच चित्र छापलेलं असतं आणि पोरं तेच पाठ करतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

साहित्य फार लागत नाही. आरसीएसबी पीडीबी या संकेतस्थळावर जगभरातल्या प्रथिनांच्या रचना फुकट ठेवलेल्या आहेत आणि ब्राउझरमध्येच 'मोलस्टार' नावाचं दर्शक उघडतं. मोबाइलवर चालतं, पण बोटाने फिरवताना रचना हातातून निसटते; कॉलेजच्या संगणक कक्षात बसलेलं बरं. आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा धरू नये. फाइल एकदाच उतरवून कायमेराएक्स किंवा पायमॉल या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की नेटची गरज उरत नाही. शिवाय एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं. सगळ्यांत जास्त काम त्या कागदावरच होणार आहे.

पायरी १: ७एएचएल उघडा

शोधपेटीत इंग्रजी आकडा सात आणि पुढे ए, एच, एल ही अक्षरं टाका. हा अल्फा-हिमोलायसिनच्या तयार छिद्राचा कोड. ही रचना १९९६ साली एरिक गूओ यांच्या गटाने १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने प्रसिद्ध केली. त्याआधी बरेच जण धरून चालले होते की हे छिद्र सहा रेणूंचं आहे. १९९४ मध्ये त्याच गटाने ते सात रेणूंचं असल्याचं दाखवलं आणि दोन वर्षांनी अणूअणूचं चित्र समोर आलं.

'स्ट्रक्चर' टॅबवर जा. प्रत्येक साखळीला, म्हणजे सातांपैकी एकेका रेणूला, वेगळा रंग दिलेला दिसेल. नसेल तर रंगांच्या पर्यायात 'चेन' निवडा. पाण्याचे रेणू लाल ठिपक्यांसारखे दिसत असतील, तर ते लपवा. नवख्याला ते नुसतेच गोंधळात पाडतात.

पायरी २: वरून बघा, मग बाजूने

वरून बघाल तर सात रंगांचं कडं आणि मधोमध आरपार भोक. सातही साखळ्या हुबेहूब सारख्या आहेत. प्रत्येक २९३ अमिनो आम्लांची, वजन साधारण ३३ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक).

बाजूने बघाल तर तीन भाग वेगळे काढता येतात. वरची रुंद टोपी पेशीच्या बाहेर राहते. टोपीच्या खालच्या अंगाला आवरणाला टेकणारी कडा आहे. आणि खाली लोंबणारा दांडा. उंची आणि रुंदी दोन्ही सुमारे १०० अँगस्ट्रॉम. दांडा त्यात ५२ अँगस्ट्रॉम लांब आणि २६ रुंद. मघाचा ३० चा आकडा आठवतोय ना? आवरणाच्या तेलकट पट्ट्यापेक्षा दांडा लांब आहे. म्हणजे तो आरपार जाऊन वर दोन अंगुळं उरतो, असं आमच्याकडे म्हणतील.

एकाच साखळीवर लक्ष द्या आणि बाकी सहा लपवा. आता दिसेल की दांड्यात एका साखळीचा वाटा फक्त दोन पट्ट्यांचा आहे: एक खाली जाणारी, एक वर येणारी आणि तळाशी वळण. सात दुणे चौदा. चौदा बीटा-पट्ट्या (साखळीचे ताणून लांब झालेले तुकडे) एकमेकींना खेटून गोल उभ्या राहिल्या की नळी तयार होते. त्या सरळ उभ्या नाहीत, तिरप्या आहेत, हेही नीट बघून घ्या.

पायरी ३: कागद-पेन

या पायरीला घाई करू नका. माझ्या मते अख्ख्या विषयाची किल्ली इथेच आहे आणि नेमकी हीच पायरी वर्गात वगळली जाते.

बीटा-पट्टीचा एक नियम असतो: पट्टीतल्या अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करतात. एक डावीकडे, पुढची उजवीकडे. पट्टी नळीच्या भिंतीत असेल तर एक शाखा आत, भोकाकडे, आणि पुढची बाहेर, मेदाकडे. मग अपेक्षा काय असायला हवी? आत तोंड करणारी पाण्याशी जमणारी, बाहेर तोंड करणारी तेलकट. खरंच तसं आहे का, ते तपासू.

खाली जाणाऱ्या पट्टीत १११ क्रमांकापासून १२५ पर्यंतची अमिनो आम्लं अशी आहेत. ती कागदावर एकाखाली एक लिहून काढा: १११ ग्लुटामेट, ११२ टायरोसीन, ११३ मेथिओनीन, ११४ सेरीन, ११५ थ्रिओनीन, ११६ ल्युसीन, ११७ थ्रिओनीन, ११८ टायरोसीन, ११९ ग्लायसीन, १२० फेनिलॲलनीन, १२१ ॲस्परॅजीन, १२२ ग्लायसीन, १२३ ॲस्परॅजीन, १२४ व्हॅलीन, १२५ थ्रिओनीन.

आता विषम क्रमांकांना निळ्या पेनाने आणि सम क्रमांकांना लाल पेनाने गोल करा. निळ्यात मुख्यतः ग्लुटामेट, थ्रिओनीन, थ्रिओनीन, ॲस्परॅजीन, ॲस्परॅजीन, थ्रिओनीन. लाल रांगेत मुख्यतः टायरोसीन, ल्युसीन, टायरोसीन, फेनिलॲलनीन, व्हॅलीन. निळी रांग पाण्याशी बोलणारी, लाल रांग मेदाशी. एकाआड एक वाचलं की पट्टीची दोन्ही तोंडं कागदावर उघडी पडतात, संगणक न लावता.

वर येणाऱ्या पट्टीवरही हेच करून बघा. १३६ आयसोल्युसीन, १३८ ॲलनीन, १४० व्हॅलीन, १४२ आयसोल्युसीन ही मेदाकडे. १३९ ॲस्परॅजीन, १४१ सेरीन, १४५ थ्रिओनीन, १४७ लायसीन ही आतल्या पाण्याकडे. अपवादही सापडतील: ११३ चं मेथिओनीन आणि १३५ चं ल्युसीन तेलकट असूनही आत तोंड करतात. अपवाद सापडला म्हणून नियम खोटा ठरत नाही, पण तोंडी परीक्षेत तुम्ही तो स्वतःहून सांगितला तर परीक्षक खुर्चीत सरळ होऊन बसतात.

तळाच्या वळणावर १२७ आणि १२८ या दोन जागांवर ॲस्पार्टेट आहे, दोन्ही ऋणभारित. ती मेदात नाहीत. पट्टा ओलांडून पेशीच्या आतल्या पाण्यात पोचलेली आहेत. आणि या सबंध भागात ग्लायसीन किती वेळा येतं तेही मोजा. ग्लायसीनला बाजूची शाखाच नसते, त्यामुळे साखळी त्या जागी सहज वळते. जी पट्टी आधी एका घडीत होती आणि नंतर उलगडून दुसऱ्या घडीत जायची आहे, तिला असा लवचीकपणा लागणारच.

कागदाचं काम झालं की दर्शकात रंग बदलून 'हायड्रोफोबिसिटी' निवडा. दांड्याच्या बाहेरून तेलकट रंगाचा पट्टा फिरलेला दिसेल. तुमच्या लाल गोलांशी तो पडताळून बघा.

पायरी ४: भोक मोजा, पण सांभाळून

वरून आत शिरलं की टोपीमध्ये एक मोठी पोकळी आहे, सर्वांत रुंद जागी सुमारे ४६ अँगस्ट्रॉमची. पुढे टोपी संपून दांडा सुरू होतो तिथे अरुंद चिमटा लागतो, सुमारे १४-१५ अँगस्ट्रॉमचा. १११, ११३ आणि १४७ या तीन जागांनी तो बनलेला आहे. तुमच्या कागदावर त्या तिन्हीभोवती आधीच निळा गोल आहे.

मोजताना नवखे दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे, साखळ्या सात आहेत, विषम. एका साखळीच्या अगदी समोर दुसरी साखळी येतच नाही. समोर येते ती दोन साखळ्यांमधली फट. मग त्या दोन्हींपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही जवळपास सारखी येतील आणि खऱ्या व्यासापेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच कमी असतील. दुसरं, दर्शकात बहुतेक जण कण्यातल्या कार्बनपासून कार्बनपर्यंत रेघ ओढतात आणि आकडा फुगलेला येतो. भोक अरुंद करतात त्या बाजूच्या शाखा. त्यामुळे शाखेच्या टोकाच्या अणूपासून मोजा आणि वर अणूंचा स्वतःचा आकारही वजा करा.

पायरी ५: पाण्यातलं रूप शेजारी ठेवा

आता कोड १एलकेएफ उघडा. हे स्टॅफिलोकोकसचंच एक भावकीतलं विष, ल्युकोसिडिन एफ, आणि तेही एकटं, पाण्यातलं. रचना १९९९ सालची. ७एएचएलमधली एक साखळी याच्या शेजारी ठेवली की टोपी आणि कडा जवळपास जुळतात. दांडा मात्र जागेवर नाही. तो दुमडून प्रथिनाच्या अंगाला चिकटून बसलाय आणि त्याची तेलकट तोंडं आत दडवलेली आहेत.

मग प्रश्न येतो: हा दांडा एकट्यानेच उलगडून मेदात का घुसत नाही? आधी सात जण गोळा व्हायची वाट का बघायची?

उत्तर हायड्रोजन बंधात आहे. प्रथिनाच्या कण्यात पाण्याशी बंध जुळवणारे गट ओळीने असतात. पाण्यात त्यांना पाणी मिळतं. मेदात पाणी नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक गटाला प्रथिनातच जोडीदार हवा. बीटा-पट्टीला जोडीदार मिळतो तो शेजारच्या पट्टीत. दोनच पट्ट्या मेदात शिरल्या तर बाहेरच्या दोन्ही कडा उघड्या राहतात आणि हे फार महाग पडतं. चौदा पट्ट्या गोल फिरून पहिली शेवटचीला भेटली की उघडी कडच उरत नाही. म्हणून क्रम असा: एकेक रेणू आवरणाला चिकटतो, सात जमून कडं होतं, या अर्धवट अवस्थेला पूर्वछिद्र म्हणतात, आणि मग सातही दांडे उलगडून नळी बनत मेदात उतरतात. परीक्षेत क्रम विचारला तर नुसता पाठ करून सांगू नका, हे कारण सांगा.

चिकटण्यासाठी कडेवर एक खोबण आहे. मेदाच्या डोक्यांतला फॉस्फोकोलीन तिथे बसतो. १७९ चं ट्रिप्टोफॅन आणि २०० चं आर्जिनीन त्याला धरतात. शिवाय पेशीवर एडीएएम१० नावाचं प्रथिन असेल तर विषाची पकड फार घट्ट होते. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. सशाच्या लाल पेशी या विषापुढे माणसाच्या पेशींपेक्षा शेकडो पटींनी हळव्या का, याचा विचार करताना आवरणावर काय आहे आणि काय नाही, हे आधी बघायला हवं.

पायरी ६: पेशीत पुढे काय होतं

भोक पडलं की आयन आणि एटीपीसारखे छोटे रेणू त्यातून ये-जा करतात. पोटॅशियम बाहेर, सोडियम आणि कॅल्शियम आत. हिमोग्लोबिन मात्र ६४ किलोडाल्टनचं, ते १५ अँगस्ट्रॉमच्या चिमट्यातून कसलं जातंय! तरीही लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर येतं, ते कसं? मोठी प्रथिनं आत अडकलेली, छोटे आयन मोकळे; पाणी आत ओढलं जातं, पेशी फुगते आणि शेवटी आवरणच फाटतं. म्हणून प्रयोगात पोटॅशियम आधी गळताना दिसतं आणि हिमोग्लोबिन मागाहून. बाहेरच्या द्रावणात भोकातून न मावणारे मोठे रेणू, म्हणजे डेक्स्ट्रानसारखे, घातले तर भोक पडूनही पेशी फुटत नाही. हा जुना प्रयोग मला फार आवडतो. रचना बघण्याची सोय नव्हती तेव्हा लोकांनी रेणू लहान-मोठे करून भोकाचा आकार अजमावला तो असाच.

ब्लड अगारच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकसच्या वसाहतीभोवती जे स्वच्छ वलय दिसतं त्यात या विषाचा हात असतो, पण एकट्याचा नाही. हा जिवाणू लाल पेशींना मारणारी आणखीही विषं सोडतो. आणि त्या स्वच्छ वलयाला प्रयोगवहीत 'बीटा-हिमोलायसिस' लिहायचं असतं, विषाचं नाव 'अल्फा' असलं तरी. हिरवट, अर्धवट वलय म्हणजे अल्फा-हिमोलायसिस. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. दरवर्षी निम्मा वर्ग इथे घसरतो.

पायरी ७: कपाशीकडे वळा

बॅसिलस थुरिंजिएन्सिस १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना आजारी रेशीमकिड्यांत सापडला, १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत. थुरिंजिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. बीजाणू बनवताना हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक साठवतो. त्या प्रथिनांना क्राय म्हणतात. त्यांचं जनुक कपाशीत घातलं की ती झाली बीटी कपाशी.

कोड १सीआयवाय उघडा. हे क्राय१एए, कपाशीतल्या क्राय१एसीचं सख्खं भावंड. इथे रंग साखळीनुसार लावून उपयोग नाही, साखळी एकच आहे. क्रमांकांनुसार तीन तुकडे निवडा: साधारण २५० पर्यंत पहिला, तिथून ४६० च्या आसपास दुसरा आणि उरलेला तिसरा. तीन वेगळे रंग द्या.

पहिला तुकडा बघताच लक्षात येईल की इथे पट्ट्या नाहीत, सात अल्फा-सर्पिलं (साखळीचे मळसूत्रासारखे वळलेले तुकडे) आहेत. कपाशी उपटल्यावर पऱ्हाट्यांची मोळी बांधतात ना, तशी: पाचवं सर्पिल मधोमध, बाकी सहा त्याच्याभोवती. मधलं पाचवं सर्वांत तेलकट. म्हणजे पाण्यात असताना तेलकट भाग पुन्हा आत दडवलेला. हे पाण्यातलं रूप आहे, छिद्र नव्हे. पहिला प्रश्न विसरलात तर इथे भोक शोधत बसाल आणि सापडणार नाही.

आता मघाचा हायड्रोजन बंधांचा मुद्दा इथे लावा. सर्पिलाच्या कण्यातले बंध त्याच सर्पिलात जुळतात, चौथ्या पुढच्या जागेशी. शेजारी कुणी नसलं तरी त्याचं भागतं. त्यामुळे सर्पिल जोडीने किंवा एकटंही मेदात जाऊ शकतं, चौदा जणांच्या कड्याची अट नाही. सर्पिलात दर अमिनो आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉमची चढण असते. ३० अँगस्ट्रॉमचा पट्टा ओलांडायला वीसेक अमिनो आम्लं पुरेत, आणि या मोळीतली लांब सर्पिलं तेवढी भरतात. चौथं आणि पाचवं सर्पिल जोडीने आवरणात घुसतं. छिद्र पाडणाऱ्या विषांची अल्फा आणि बीटा अशी जी दोन घराणी पुस्तकात दिलेली असतात, ती भोकाची भिंत सर्पिलांची की पट्ट्यांची यावरून.

दुसरा आणि तिसरा तुकडा गिऱ्हाईक ओळखण्यासाठी. दुसऱ्यात तीन बीटा-पत्रे आहेत आणि त्यांच्या टोकाचे फास अळीच्या आतड्यावरच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे विष ज्यांना चिकटतं ती पेशीवरची प्रथिनं) धरतात: कॅडहेरिन, अमिनोपेप्टिडेज-एन, अल्कलाइन फॉस्फेटेज. क्राय१एसीच्या तिसऱ्या तुकड्यात ॲसिटिलगॅलॅक्टोसमिन ही साखर धरणारा खिसा आहे.

अळीने स्फटिक खाल्ला तर घडतं ते असं. पतंगवर्गीय अळीचं मध्य-आतडं कडक अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) ९ ते ११. त्यात स्फटिक विरघळतो. सुमारे १३० किलोडाल्टनचं पूर्वविष बाहेर पडतं, अळीचीच पाचक विकरं ते छाटून सुमारे ६५ किलोडाल्टनचं विष मोकळं करतात. मग ग्राहकाशी पकड, मोळी सुटते, सर्पिलं आवरणात, आतड्याच्या पेशी फुगून फुटतात. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या जठरात सामू आम्लधर्मी आणि पेशींवर ते ग्राहक नाहीत. एवढं उत्तर गावात कुणी विचारलं तर द्यायला तयार ठेवा, कारण विचारतातच.

पायरी ८: शेतातल्या प्रश्नाला रचनेतून उत्तर द्या

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, तिच्यात एकटं क्राय१एसी होतं. २००६ पासून क्राय२एबी जोडलेलं दोन जनुकांचं वाण आलं. गुजरातेत गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला दाद देत नाही हे २०१० मध्ये जाहीर झालं, पुढे दोन जनुकांचं वाणही तिच्यापुढे नमलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं किडली. खान्देशात तेव्हापासून एकच प्रश्न कानावर येतो: "बीटी शे ना भाऊ, मंग बोंडमा अळी कशी उनी?"

आता तुम्हाला याचं उत्तर देता यायला हवं. विष बिघडलं का? नाही, सर्पिलं तशीच तेलकट आहेत. बिघडलं ते दुसऱ्या बाजूला. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिनच्या जनुकात मोडतोड सापडली. ग्राहकच धड नाही, मग पकड नाही, पकड नाही तर मोळी सुटत नाही, भोक पडत नाही. क्राय२एबीच्या प्रतिकारात वेगळंच प्रथिन गुंतलेलं आहे, एबीसीए२ नावाचं. म्हणूनच दोन जनुकांची कल्पना चांगली होती: एका बदलाने दोन्हींतून सुटका नाही. पण पहिल्या विषाला आधीच सरावलेल्या अळीपुढे दुसरं एकटंच उभं राहिलं.

आपल्याकडे एक गोष्ट आणखी आहे. इथे संकरित बियाणं लावतात, त्यात बीटीचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्या झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी. एका जनुकाच्या हिशेबाने चार दाण्यांतला सरासरी एक दाणा विषाविना. आणि गुलाबी बोंडअळी खाते तीच सरकी. मेंडेलचा तक्ता तर पाठ असतो, तो इथे बोंडात उघडून बघता येतो. शिवाय फरदड (वेचणीनंतरही न उपटता राखलेली कपाशी) ठेवली की अळीला आणखी पिढ्या मिळतात, आणि मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी पहिल्या पतंगांना आयती फुलं देते. आश्रय म्हणून बिगर-बीटी ओळी लावायला सांगतात त्या याचसाठी: तिथले हळवे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की पिल्लांत एक तरी धड ग्राहकाचं जनुक येतं. पाकिटासोबतचं ते बियाणं बांधावर फेकून दिलेलं मी कमी वेळा पाहिलेलं नाही.

शेतात गेलात तर डोमकळी शोधा. पाकळ्या मिटून गुंडाळलेलं, न उमललेलं फूल. अलगद सोडवलं की आत बारीक अळी दिसते. कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधाने ओढून घेणाऱ्या सापळ्यातले) पतंग मोजायचे असतील तर मोजा, पण ती विषाची परीक्षा नव्हे. पतंग किती आहेत एवढंच त्यातून कळतं.

सरावाला एक जोडी

कोड १क्यूओवाय आणि २डब्ल्यूसीडी. दोन्ही एकाच विषाचे, ई. कोलायच्या सायटोलायसिन-ए चे. पहिला पाण्यातला एकटा रेणू, दुसरा २००९ साली आलेलं बारा रेणूंचं तयार छिद्र. भिंत सर्पिलांची. कोणता भाग जागा बदलतो, तो आधी कुठे दडला होता आणि मेदाला कोणती तोंडं भिडतात, हे कागदावर लिहून काढा. मोजताना यावेळी सोपं जाईल: बारा ही सम संख्या आहे, प्रत्येक साखळीच्या बरोबर समोर एक साखळी मिळते.